कसोटी संघांची क्रमवारी: सूत्र, वेळापत्रक आणि न्याय

मार्च १८७७ मध्ये मेलबर्न येथे ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड यांच्यात पहिला कसोटी सामना खेळला गेला. त्यानंतर जवळजवळ सव्वाशे वर्षे जगातील सर्वोत्तम कसोटी संघ कोणता, या प्रश्नाचे अधिकृत उत्तर देणारी कोणतीही व्यवस्था अस्तित्वात नव्हती. याचे मूळ कसोटी क्रिकेटच्या घडणीतच आहे. कसोटी क्रिकेट साखळी स्पर्धेतून नव्हे, तर दोन देशांच्या मंडळांनी आपसांत ठरवलेल्या दौऱ्यांतून वाढले. कोणी कोणाशी, किती सामने आणि कोणाच्या भूमीवर खेळावे हे परंपरा, सोय, उत्पन्न आणि राजकारण यांवर ठरत गेले, त्यामुळे सर्व संघांना समान संख्येने आणि समान परिस्थितीत एकमेकांसमोर आणणारे वेळापत्रक कधीच तयार झाले नाही. अशा विस्कळीत माहितीवरून संघांचा क्रम लावायचा, तर कोणते निकाल मोजायचे, त्यांना किती वजन द्यायचे आणि जे सामने झालेच नाहीत त्यांची उणीव कशी भरून काढायची, हे तीन प्रश्न सोडवावे लागतात. गेल्या तीन दशकांत पुढे आलेल्या निरनिराळ्या पद्धती या तीन प्रश्नांना दिलेली निरनिराळी उत्तरे आहेत.

विवेचनाच्या सोयीसाठी दोन संज्ञांतील फरक आरंभीच स्पष्ट करणे इष्ट ठरेल. मानांकन म्हणजे संघाच्या कामगिरीवरून काढलेला आकडा आणि क्रमवारी म्हणजे त्या आकड्यांच्या उतरत्या क्रमाने लावलेली यादी. मानांकनात दोन संघांमधले अंतर दिसते, क्रमवारीत ते पुसले जाते. पहिल्या आणि दुसऱ्या संघात एका गुणाचा फरक असो वा वीस गुणांचा, यादीत दोघे लागोपाठच येतात.

पहिले प्रयत्न

अनेक देशांना एकाच स्पर्धेत उतरवून श्रेष्ठत्व ठरवण्याचा पहिला प्रयत्न १९१२ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका या त्या वेळच्या तीनही कसोटी संघांची तिरंगी स्पर्धा भरवण्यात आली आणि नऊ सामन्यांअखेर यजमान इंग्लंड विजेता ठरला. परंतु उन्हाळा पावसाने वाया गेला, ऑस्ट्रेलियाचे सहा प्रमुख खेळाडू मंडळाशी झालेल्या वादामुळे दौऱ्यावर आलेच नाहीत आणि दक्षिण आफ्रिकेचा संघ दुबळा ठरला. त्यामुळे प्रेक्षकांनी पाठ फिरवली आणि हा प्रयोग पुन्हा झाला नाही. पुढील अनेक दशके संघांचे श्रेष्ठत्व जाणकारांच्या मतावर अवलंबून राहिले. १९८० च्या दशकातील वेस्ट इंडीजसारख्या संघाबाबत मतभेदाला जागा नव्हती, म्हणून आकडेवारीची उणीव फारशी भासलीही नाही.

आधुनिक क्रमवारीची सुरुवात १९९० च्या दशकाच्या मध्यात विस्डेन या वार्षिकाचे संपादक मॅथ्यू एंगेल यांनी मांडलेल्या तक्त्यापासून होते. त्यांची पद्धत मुद्दामच सोपी ठेवलेली होती. प्रत्येक दोन संघांमधील मायदेशातील आणि परदेशातील सर्वांत अलीकडची मालिका विचारात घ्यायची, मालिका जिंकणाऱ्याला दोन गुण, बरोबरी झाल्यास प्रत्येकी एक गुण द्यायचा आणि सर्व संघ सारख्या संख्येने मालिका खेळत नसल्याने एकूण गुणांऐवजी सरासरी पाहायची. कागद-पेन्सिल घेऊन कोणत्याही क्रिकेटरसिकाला हा हिशेब करता येत असे, हे या पद्धतीचे मोठे सामर्थ्य होते. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने, म्हणजे आयसीसीने, २००१ मध्ये याच तत्त्वावर अधिकृत कसोटी अजिंक्यपदाचा तक्ता सुरू केला.

या पद्धतीची मर्यादा २००३ च्या आरंभी उघड झाली. पाकिस्तानविरुद्धच्या मालिकेतील विजयानंतर दक्षिण आफ्रिका तक्त्यात ऑस्ट्रेलियाच्या पुढे गेली. वास्तविक त्याआधीच्या हंगामात याच दोन संघांत लागोपाठ दोन मालिका झाल्या होत्या. त्यांपैकी ऑस्ट्रेलियातील मालिका यजमानांनी ३-० आणि दक्षिण आफ्रिकेतील मालिका पाहुण्यांनी २-१ अशी जिंकली होती, म्हणजे सहा सामन्यांपैकी पाच ऑस्ट्रेलियाचे होते. तरीही तक्ता उलटा लागला, कारण दुबळ्या संघावरील विजय आणि बलाढ्य संघावरील विजय त्यात एकाच मापाने मोजला जात होता आणि मालिका १-० ने जिंकली की ५-० ने, याचीही दखल घेतली जात नव्हती. प्रतिस्पर्ध्याचे बळ न मोजता केवळ यश मोजले, तर मापन फसते, हा धडा या प्रसंगाने दिला.

केंडिक्स यांचे सूत्र

इंग्लंडमधील विमागणितज्ञ आणि क्रिकेटचे सांख्यिकीतज्ज्ञ डेव्हिड केंडिक्स यांनी तयार केलेली पद्धत २००३ मध्ये लागू झाली आणि आजची आयसीसी क्रमवारी तिच्यावरच उभी आहे. या पद्धतीत सामना जिंकल्यास एक गुण, अनिर्णित राहिल्यास प्रत्येकी अर्धा गुण आणि मालिका जिंकणाऱ्याला आणखी एक गुण मिळतो. मालिका बरोबरीत सुटली, तर हा जादा गुण दोघांत अर्धा-अर्धा वाटला जातो. अशा रीतीने चार सामन्यांच्या मालिकेत एकूण पाच गुण असतात. हे मालिका-गुण मग प्रतिस्पर्ध्याच्या मानांकनाशी जोडले जातात. दोन्ही संघांच्या मानांकनात ४० पेक्षा कमी अंतर असेल, तर मिळवलेल्या प्रत्येक गुणासाठी संघाच्या खात्यात प्रतिस्पर्ध्याचे मानांकन अधिक ५० आणि गमावलेल्या प्रत्येक गुणासाठी प्रतिस्पर्ध्याचे मानांकन वजा ५० इतकी भर पडते. शेवटी एकूण बेरजेला सामन्यांच्या आणि मालिकांच्या एकत्रित संख्येने भागले की मानांकन मिळते.

या सूत्राचा अर्थ थोडे गणित केल्यावर स्पष्ट होतो. संघाचे मानांकन जसेच्या तसे राहायचे असेल, तर त्याने मालिकेतील गुणांचा किती हिस्सा मिळवला पाहिजे हे त्यातून निश्चित होते. समान बळाच्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध निम्मे गुण पुरतात, वीस गुणांनी खाली असलेल्या संघाविरुद्ध सत्तर टक्के लागतात आणि अंतर चाळीसवर पोहोचले की नव्वद टक्के. अंतर त्याहून अधिक असेल, तर सूत्र बदलते आणि ही अपेक्षा नव्वद टक्क्यांवरच थांबवली जाते. म्हणजेच सूत्राच्या पोटात प्रत्येक मालिकेचे एक भाकीत दडलेले आहे. त्या भाकितापेक्षा सरस कामगिरी करणारा संघ वर सरकतो आणि कमी पडणारा, मालिका जिंकूनही, खाली येतो.

ऑगस्ट २०१६ मधील भारताचा वेस्ट इंडीज दौरा हे याचे उत्तम उदाहरण आहे. दोन्ही संघांच्या मानांकनात चाळीसहून अधिक गुणांचे अंतर होते. भारताने चार सामन्यांची मालिका २-० अशी जिंकली. दोन विजयांचे दोन, दोन अनिर्णित सामन्यांचा एक आणि मालिका विजयाचा एक असे पाचपैकी चार गुण त्याला मिळाले. हा हिस्सा ऐंशी टक्के होतो आणि अपेक्षा नव्वद टक्क्यांची होती. पोर्ट ऑफ स्पेन येथील शेवटची कसोटी जिंकली असती, तर साडेचार गुण, म्हणजे नेमके नव्वद टक्के झाले असते आणि मानांकन जागच्या जागी राहिले असते. परंतु पाऊस आणि ओल्या मैदानामुळे त्या सामन्यात पाच दिवसांत मिळून केवळ २२ षटके टाकली गेली. परिणामी नुकतेच हाती आलेले पहिले स्थान भारताने गमावले आणि इंग्लंडमधील मालिका २-२ अशी बरोबरीत सोडवून आलेला पाकिस्तानचा संघ इतिहासात प्रथमच अव्वल ठरला. पाकिस्तानच्या त्या यशाचे मोल कमी लेखता येत नाही, कारण २००९ मध्ये लाहोरला श्रीलंकेच्या संघावर झालेल्या हल्ल्यानंतर पाकिस्तानने मायदेशात एकही कसोटी न खेळता ते मिळवले होते. तरीही, ज्या घटनेने दोन संघांचा क्रम प्रत्यक्षात बदलला ती खेळाडूंच्या हातची नव्हती, हेही तितकेच खरे आहे.

काळाची खिडकी

संघ बदलत असतात, म्हणून किती जुने निकाल मोजायचे हा प्रश्न सूत्राइतकाच महत्त्वाचा ठरतो. आयसीसीच्या पद्धतीत दर वर्षी मे महिन्यात फेरमांडणी होते. त्या वेळी मागील तीन वर्षांचे निकाल जमेस धरले जातात, त्यांतील पहिल्या दोन वर्षांना निम्मे आणि शेवटच्या वर्षाला पूर्ण वजन दिले जाते. त्यानंतर पुढील मे महिन्यापर्यंत नवे निकाल पूर्ण वजनाने जोडले जातात. या व्यवस्थेमुळे क्रमवारी ताजी राहते, पण निकालांचे वजन हळूहळू ओसरण्याऐवजी एका दिवसात गळून पडते.

मे २०२० मध्ये याचा ठळक प्रत्यय आला. महासाथीमुळे जगभरात क्रिकेट बंद होते, तरीही ऑक्टोबर २०१६ पासून पहिल्या स्थानावर असलेला भारत एका फेरमांडणीत तिसऱ्या स्थानावर गेला. ऑस्ट्रेलिया ११६, न्यूझीलंड ११५ आणि भारत ११४ असे नवे मानांकन जाहीर झाले. २०१६-१७ या वर्षाचे निकाल हिशेबातून बाद झाले होते, आणि त्या वर्षात भारताने पाचही मालिका जिंकताना बारा कसोटी जिंकल्या होत्या. फक्त एक सामना गमावला होता, तो पुण्याजवळच्या गहुंजे येथे ऑस्ट्रेलियाकडून ३३३ धावांनी. या गणनेत नियमबाह्य असे काहीच नव्हते. मात्र चेंडूही न टाकता क्रम बदलतो, तेव्हा तो बदल संघांच्या बळातला नसून मोजपट्टीतला असतो, हे वाचकाला सांगितले गेले पाहिजे.

त्याच यादीतील एकेका गुणाचे अंतर आणखी एक मुद्दा समोर आणते. समजा, एखाद्या संघाच्या खात्यातील सामने व मालिका यांची भारित संख्या तीस आहे. त्याचा एक पराभव विजयात बदलला, तर बेरजेत शंभरांची आणि मानांकनात सुमारे ३.३ गुणांची वाढ होते. याचा अर्थ असा की पहिल्या तीन संघांमधील दोन गुणांचे अंतर हे एका सामन्याच्या निकालापेक्षाही कमी आहे आणि एक सामना तर नाणेफेक, पाऊस किंवा सुटलेला एखादा झेल यांनीही फिरतो. अशा वेळी तीन संघ समान पातळीवर आहेत, हाच आकड्यांचा प्रामाणिक अर्थ होय.

सूत्र काय मोजत नाही

विजयाचे अंतर आयसीसीच्या सूत्रात मोजले जात नाही आणि ते योग्यच आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये वेलिंग्टन येथे न्यूझीलंडने इंग्लंडवर एका धावेने मिळवलेला विजय आणि एखादा डावाने मिळवलेला विजय येथे समान ठरतात. कसोटीत कर्णधार डाव घोषित करतो तो जिंकण्यासाठी वेळ मिळावा म्हणून, धावांचे अंतर वाढवण्यासाठी नव्हे. अंतराला गुण दिले असते, तर धाडसी कर्णधाराला शिक्षा आणि सावध कर्णधाराला बक्षीस मिळाले असते.

मैदान कोणाचे, हे न मोजणे मात्र गंभीर उणीव आहे. खेळपट्टीचा स्वभाव, हवामान, चेंडूची बनावट आणि प्रेक्षक यांमुळे यजमान संघाला मिळणारा लाभ कसोटीत इतर प्रकारांपेक्षा अधिक असतो. भारताने २०१३ पासून मायदेशात सलग अठरा मालिका जिंकल्या होत्या. ही विजयपरंपरा २०२४ मध्ये न्यूझीलंडने खंडित केली. बेंगळुरूनंतर पुण्यातील सामना ११३ धावांनी जिंकून त्यांनी मालिका खिशात घातली आणि वानखेडे मैदानावर २५ धावांनी विजय मिळवून ३-० असे निर्भेळ यश संपादन केले. मुंबईत जन्मलेल्या एजाझ पटेलने त्या शेवटच्या सामन्यात अकरा बळी घेतले. कसोटीच्या इतिहासातील अत्यंत दुर्मीळ अशा या यशाला सूत्राने जे मोल दिले, तेच मोल तो विजय वेलिंग्टन किंवा ख्राइस्टचर्चला मिळाला असता तरी दिले असते. एंगेल यांच्या साध्या तक्त्यात मायदेशातील आणि परदेशातील मालिका निदान जोडीने मोजल्या जात होत्या. अधिक प्रगत सूत्राने हा समतोल गमावला, ही गोष्ट खटकणारी आहे.

अजिंक्यपद स्पर्धा आणि गुणटक्केवारी

क्रमवारीला पर्याय म्हणून कसोटी अजिंक्यपद स्पर्धा भरवण्याचे बेत २०१३ आणि २०१७ साठी आखले गेले आणि दोन्ही वेळा रद्द झाले. अखेरीस २०१९ मध्ये नऊ संघांची दोन वर्षे चालणारी स्पर्धा सुरू झाली. प्रत्येक संघाने तीन मालिका मायदेशी आणि तीन परदेशी अशा सहा मालिका खेळायच्या आणि पहिल्या दोन संघांनी अंतिम सामना खेळायचा, अशी तिची रचना आहे. पहिल्या आवृत्तीत प्रत्येक मालिकेला १२० गुण होते. त्यामुळे दोन सामन्यांच्या मालिकेतील एका विजयाला ६० आणि पाच सामन्यांच्या मालिकेतील विजयाला २४ गुण मिळत. महासाथीत मालिका रद्द होऊ लागल्यावर स्पर्धेच्या मध्यावरच मिळालेल्या आणि उपलब्ध गुणांचे प्रमाण, म्हणजे गुणटक्केवारी, हा निकष लावण्यात आला. दुसऱ्या आवृत्तीपासून प्रत्येक विजयाला १२, बरोबरीला ६ आणि अनिर्णित सामन्याला ४ गुण ठरले. येथे बरोबरी म्हणजे १९६० मध्ये ब्रिस्बेनला आणि १९८६ मध्ये मद्रासला घडली तशी, दोन्ही संघांच्या एकूण धावा समान होऊन सामना संपण्याची अपवादात्मक घटना होय. क्रमवारीत अनिर्णित सामना निम्म्या विजयाइतका, तर स्पर्धेत एक तृतीयांश विजयाइतका मानला जातो. एकाच संस्थेच्या दोन मोजपट्ट्या एकाच निकालाला दोन निराळ्या किमती देतात.

षटकांची गती मंद राखल्याबद्दल गुण कापण्याचा नियमही या स्पर्धेत निर्णायक ठरला आहे. पहिल्या आवृत्तीत न्यूझीलंडने ६०० पैकी ४२०, म्हणजे ७० टक्के गुण मिळवले आणि ऑस्ट्रेलियाने ४८० पैकी ३३२, म्हणजे ६९.१७ टक्के. मेलबर्न कसोटीत कापले गेलेले चार गुण ऑस्ट्रेलियाकडे राहिले असते, तर दोन्ही संघ नेमके ७० टक्क्यांवर आले असते. २०२१ च्या साउदॅम्प्टन येथील अंतिम सामन्यात न्यूझीलंड उतरले आणि भारताला आठ गडी राखून हरवून पहिले विजेते ठरले.

२०२३ ते २०२५ या आवृत्तीत दक्षिण आफ्रिकेने बारा सामन्यांत आठ विजय आणि एक अनिर्णित सामना, म्हणजे १४४ पैकी १०० गुण मिळवून ६९.४४ टक्क्यांनी पहिले स्थान घेतले. त्याच काळात ऑस्ट्रेलिया आणि भारत प्रत्येकी १९ सामने, तर इंग्लंड २२ सामने खेळले. दक्षिण आफ्रिकेच्या वाट्याला त्या दोन वर्षांत ऑस्ट्रेलिया किंवा इंग्लंड आले नाहीत आणि गुणटक्केवारी प्रतिस्पर्ध्याचे बळ मोजत नाही, यावरून बरीच टीका झाली. ही टीका निकषावर योग्य आहे, संघावर नाही. वेळापत्रक एकट्या दक्षिण आफ्रिकेने आखलेले नव्हते, आणि जून २०२५ मध्ये लॉर्ड्सवर एडन मार्करमच्या १३६ धावांच्या बळावर २८२ धावांचे लक्ष्य गाठून टेंबा बवुमाच्या संघाने ऑस्ट्रेलियाला पाच गडी राखून हरवले. त्यानंतरही आयसीसीच्या क्रमवारीत पहिले स्थान ऑस्ट्रेलियाकडेच राहिले. यात विसंगती नाही. स्पर्धा ठरावीक काळात कोणी सर्वाधिक कमावले हे सांगते, क्रमवारी काही वर्षांच्या कामगिरीवरून बळाचा अंदाज बांधते.

अभ्यासकांचे पर्याय

गणितज्ञांनी सुचवलेले पर्याय मुख्यतः तीन प्रकारचे आहेत. पहिला, भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आर्पाड एलो यांनी बुद्धिबळासाठी तयार केलेला. जागतिक बुद्धिबळ महासंघाने १९७० मध्ये तो स्वीकारला आणि फुटबॉलच्या फिफानेही पुरुषांच्या क्रमवारीसाठी २०१८ मध्ये त्याच धर्तीची पद्धत घेतली. यात प्रत्येक सामन्यानंतर अपेक्षा आणि निकाल यांतील फरकाच्या प्रमाणात मानांकन बदलते, जुन्या निकालांचा प्रभाव हळूहळू ओसरतो आणि मे महिन्यातील उडीसारखी उडी संभवत नाही. दुसरा प्रकार ब्रॅडली आणि टेरी यांनी १९५२ मध्ये मांडलेल्या जोडीनिहाय तुलनेच्या प्रारूपाचा. त्यात सर्व निकालांना एकत्रितपणे सर्वाधिक जुळणारी बळे शोधली जातात, मायदेशाचा लाभ वेगळा काढता येतो आणि अनिश्चिततेची मर्यादाही सांगता येते. तिसऱ्या प्रकारात संघांचे जाळे कल्पून बलवानाला हरवणाऱ्याचे बळ अधिक मानले जाते. संकेतस्थळांचा क्रम लावणाऱ्या पेजरँक या पद्धतीचे हे रूप सत्यम मुखर्जी यांनी कसोटी क्रिकेटला लावून पाहिले आहे. या तिन्ही प्रकारांना एक समान अडचण भेडसावते. भारत आणि पाकिस्तान यांच्यात डिसेंबर २००७ नंतर एकही कसोटी झालेली नाही. आयर्लंड आणि अफगाणिस्तान यांना २०१७ मध्ये कसोटी दर्जा मिळाला, पण ते आणि झिम्बाब्वे अजिंक्यपद स्पर्धेबाहेर आहेत. ज्या संघांची गाठच पडत नाही, त्यांची तुलना तिसऱ्या संघाच्या आधाराने करावी लागते आणि आधार विरळ असेल, तर कोणतेही गणित केवळ अंदाजच देऊ शकते.

निष्कर्ष

या आढाव्यातून दिसते ते असे की कसोटी क्रमवारीतील दोषांचा मोठा भाग सूत्रात नसून वेळापत्रकात आहे. २००३ नंतरचे सूत्र प्रतिस्पर्ध्याचे बळ नीट मोजते. त्यात मायदेश-परदेशाचा भेद आणणे, जुन्या निकालांचे वजन टप्प्याऐवजी क्रमाने कमी करणे आणि अनिर्णित सामन्याची किंमत दोन्ही तक्त्यांत एक ठेवणे, या तीन सुधारणा सहज शक्य आहेत. मानांकनासोबत त्याची अनिश्चितता छापली जावी आणि फरक नगण्य असेल तेथे संघांना एकाच स्थानावर दाखवले जावे, अशी अपेक्षाही अवाजवी नाही. परंतु काही मंडळे पाच सामन्यांच्या मालिका आपसांतच खेळत राहतील आणि इतरांच्या वाट्याला दोन सामन्यांच्या मालिका येतील, तोपर्यंत उत्तम सूत्रही अपुऱ्या पुराव्यावर निवाडा देत राहील. आयसीसीला न्याय्य क्रमवारी हवी असेल, तर प्रत्येक कसोटी संघाला इतर प्रत्येक संघाविरुद्ध ठरावीक वर्षांत मायदेशी आणि परदेशी किमान तीन सामन्यांची मालिका खेळायला मिळेल, याची हमी तिने आधी द्यावी.